आठ फेऱ्या, सहा आवाज

रविवार, ३ जानेवारी १९५४, दुपारचे साडेतीन. ठरलेली रक्कम महिना चार रुपये, शिवाय गिटार छेडायचा कचकडा हातातून पडला तर दर वेळी एक पैसा दंड. हजर तिघे: मी, माझी पत्नी आणि मिस्त्री. जागा ठाण्यात तलावापलीकडे, चर्चच्या मागच्या आळीत, मिस्त्रींच्या घराची ओटी. ही नोंद पत्नीने केली, कारण त्या दिवसांत मला लिहिता येत नव्हतं.

लिहिता येत नव्हतं म्हणजे काय, ते नीट सांगायला हवं. मी एका कारखान्यात हिशेबनीस होतो. अठरा वर्षं मोठी खातेवही माझ्या हातची. वय त्रेचाळीस. आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास असं होऊ लागलं की, टाक हातात घेतला की अंगठा आत वळायचा, पहिलं बोट काठीसारखं ताठ व्हायचं आणि मनगटापासून कोपरापर्यंत कळ जायची. टाक खाली ठेवला की सगळं ठीक. जेवताना काही नाही, सदऱ्याच्या गुंड्या लावताना काही नाही. त्यामुळे हे दुखणं खरं आहे, यावर लोकांचा विश्वास बसत नसे. ठाण्याच्या डॉक्टरांनी सुया दिल्या, कल्याणच्या वैद्यांनी तेल दिलं. तेलाने वहीला डाग पडले, एवढाच फरक.

डिसेंबरात हेडक्लार्कनी खातेवहीचं एक पान माझ्यासमोर धरलं.

"हा तीन आहे की आठ?"

"तीन आहे."

"आणि हा?"

मी बराच वेळ पाहिलं. माझाच आकडा मला वाचता येईना.

"साहेबांना मी काय सांगू?" ते म्हणाले. "ज्याला जे सोयीचं वाटेल ते वाचा म्हणून?"

माणूस वाईट नव्हता. फाटकावर खोकी मोजणारा गावी गेला होता, त्याच्या जागी त्यांनी मला मार्चअखेरपर्यंत बसवलं. एक एप्रिलला नवी खातेवही उघडते. त्याआधी, शनिवार २७ मार्चला, मी त्यांच्यासमोर बसून एक पान लिहून दाखवायचं. तीस ओळी, चाळीस मिनिटं. जमलं तर खुर्ची माझी. नाही जमलं तर फाटकावरचा माणूस परत आलेला असेल, आणि मला एक महिन्याचा पगार देऊन मोकळं करण्यात येईल. घरात बायको आणि शाळेत जाणारी दोन मुलं. मला दुसरं काही येत नव्हतं.

मिस्त्री कारखान्याची खोकी बनवायचे. साठीचे, उंच, कानामागे पेन्सिल. त्यांचं घराणं ठाण्यातलंच, पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. माल आत आणताना ते दोन दिवस माझ्याकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "कारकूनसाहेब, ती मूठ उघडा आधी. खोकी मोजायला मूठ कशाला लागते?"

"उघडीच आहे."

"हाय कुठं? मघापासून बघतो मी. अंगठा आत घेऊन बसलाय, पोटातल्या पोरासारखा."

मी खाली पाहिलं. खरंच तसं होतं.

त्यांनी खोक्यावर बसून मला सांगितलं की, रंधा दाबून धरणाऱ्या सुताराचा हात कधीकधी असाच धरतो. त्यांचा स्वतःचा धरला होता. सहा महिने रंधा हातात राहत नव्हता. तो सुटला गिटारीवर.

"गिटारीने हात बरा होतो?" मी विचारलं.

"गिटारीनं नाय हो. सोडायला शिकला की होतो. गिटारीवर शिकायचं एवढंच."

मी घरी हे सांगितलं तेव्हा पत्नी हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. "सुया आणि तेल मिळून किती झाले?" तिने विचारलं. सतरा रुपये झाले होते. "मग चार रुपयांनी काय होतंय ते बघू," ती म्हणाली. वही मी लिहीन, हेही तीच म्हणाली. तिचं शिक्षण चौथीपर्यंत, पण अक्षर सरळ.

पहिले दोन रविवार फक्त कचकडा धरण्यात गेले. जुन्या कंगव्यातून कापून, घासून गुळगुळीत केलेला तो तिकोनी तुकडा, नखाएवढा. तो अंगठा आणि पहिल्या बोटात धरायचा आणि हात वरून खाली सहा तारांवर पडू द्यायचा. डाव्या हाताला काही काम नव्हतं. मिस्त्रींनी तारा अशा लावून दिल्या होत्या की नुसत्या छेडल्या तरी एकमेकींशी जुळाव्यात. हात खाली पडला की "सोड", वर आला की "उचल", असं ते बोलत. आवळून धरला तर तारा ओरडायच्या. सैल धरला तर कचकडा पडायचा. पहिल्या रविवारी तो एकतीस वेळा पडला, त्यातले नऊ वेळा गिटारीच्या भोकात. मग मिस्त्री गिटार उलटी करून सुपासारखी पाखडायचे आणि पत्नी वहीत रेघ ओढायची.

"पडू दे," ते म्हणायचे. "पैसा भरा नि उचला. दंडाला भिऊन आवळायचं नाय."

तिसरा रविवार १७ जानेवारी. त्या संध्याकाळी मिस्त्रींना कल्याणला निघायचं होतं. खाडीवर रेतीच्या होड्यांच्या दुरुस्तीचं काम मिळालं होतं, पाच-सहा आठवड्यांचं. हत्यारांची पेटी दारात बांधून ठेवलेली. जाण्याआधी त्यांनी मला पुढचा धडा दिला. एकदा वाजवून दाखवला, भरभर, पायाने ताल धरून, आणि पत्नीला म्हणाले, "लिवा बाई. एकाला सोड. दोनाला सोड, उचल. तीनाला खाली, मंग उचल. चाराला सोड, उचल. हे एवढंच, रोज. मी येईस्तवर दुसरं काय करू नका."

तिने लिहिलं: सोड. सोड-उचल. खाली-उचल. सोड-उचल.

गिटार आम्ही घरी नेली.

आता माझी चूक. आमच्या चाळीत दर गुरुवारी भजन होई आणि मी बावीस वर्षं झांज वाजवत आलो होतो. झांज वाजवणाऱ्याला खाली म्हणजे काय, ते सांगावं लागत नाही. तालातली रिकामी मात्रा. तिथे झांजा आपटायच्या नाहीत, हवेत धरून ठेवायच्या. वहीत तिसऱ्या ठोक्यापाशी "खाली" वाचलं आणि मला वाटलं, वा, हे तर आपलंच. ऐकलं होतं तेही तसंच होतं: तिसऱ्या ठोक्यावर तारा गप्प. तेव्हा तीन आला की मी हात तारांच्या वर जिथल्या तिथे धरून ठेवायचो, मग झटक्यात खाली नेऊन उचल.

रोज चाळीस मिनिटं, साडेसहा ते सात दहा, मुलं अभ्यासाला बसायच्या आधी. आवाज कमी व्हावा म्हणून तारांखाली फडकं घालायचो, त्यामुळे नुसतं खर्र-खर्र ऐकू यायचं. शेजारच्या काकू दारातून जाताना म्हणायच्या, "अहो, चाळीस मिनिटं खवताय, नारळ तरी दाखवा की एक!" वरच्या मजल्यावरचे गृहस्थ मला बँडवाले म्हणू लागले. मी मान खाली घालून मोजत राहायचो. मिनिटाला पंधरा आवर्तनं, घड्याळ समोर ठेवून. कचकडा जवळजवळ पडेनासा झाला होता. एवढ्या सगळ्या दिवसांत फक्त अकरा वेळा. पत्नी आठवड्याची बेरीज वाचून दाखवायची तेव्हा मला बरं वाटायचं.

आणि हात बिघडत चालला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गुंड्या लावता येईनात. मग चहाचा कप धरताना अंगठा आत जाऊ लागला. जे दुखणं फक्त टाकाचं होतं ते आता दिवसभराचं झालं. फाटकावर खडूने रेघा मारायच्या, त्याही मी डाव्या हाताने मारू लागलो. हेडक्लार्क एकदा येता-जाता थांबले, माझा डावा हात पाहिला आणि पुढे गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

एका संध्याकाळी मी गिटार भिंतीला टेकवली ती जोरात टेकवली गेली.

"हा माणूस सुतार आहे," मी म्हणालो. "खोक्यांना खिळे मारणारा. त्याला काय कळतं हातातलं?"

"हे जानेवारीत का नाही म्हणालात?"

"तेव्हा हातात कप तरी राहत होता."

"कल्याणला जाऊन विचारून या. किती लांब आहे?"

"काय विचारू? सांगितलं तसं करतोय मी. एक दिवस चुकवला असेल तर दाखव वहीत."

तिने वही उघडली. "तीन चुकलेत," ती म्हणाली. "ताप होता तेव्हाचे." आणि वही मिटून चुलीकडे गेली. मी कल्याणला गेलो नाही. सांगितलेलं बिनचूक करणारा माणूस असल्याचा मला अभिमान होता. बिनचूक करणाऱ्याने विचारायला कशाला जायचं?

मिस्त्री परत आल्याचं फाटकावर कळलं आणि रविवारी, २८ फेब्रुवारीला, मी गिटार घेऊन गेलो ती परत करायलाच. पत्नी वही घेऊन बरोबर. ओटीवर मी म्हणालो, "मिस्त्री, तुमची वस्तू सांभाळा. मला काही उतार नाही. झालंच तर वाढलंय."

त्यांनी माझा हात उलटासुलटा करून पाहिला. चेहरा उतरला. "वाजवा बघू," म्हणाले.

मी वाजवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान डोलावली.

"बरोबर आहे का?" पत्नीने विचारलं.

"ऐकायला बरोबर हाय बाई. पडला किती वेळा?"

"अकरा."

"रोज?"

"सगळे मिळून. सहा आठवड्यांत."

त्यांनी डोळे उघडले. "अकराच?" आणि मला म्हणाले, "परत वाजवा. मी आता ऐकत नाय."

दुसऱ्या आवर्तनाला त्यांनी माझं मनगट धरलं. "इथं थांबलात. का थांबलात?"

"खाली आहे ना."

"मंग आणा की खाली! हात खाली आणा!"

"अहो, खाली म्हणजे रिकामी. मात्रा रिकामी सोडायची."

"कोण म्हणतो?"

"वहीत लिहिलंय. तुम्हीच सांगितलंत."

पत्नीने वाचून दाखवलं. मिस्त्रींनी स्वतःचा हात हवेत धरला आणि तारा नसताना फिरवून दाखवला. खाली, वर, खाली, वर, न थांबता, झोपाळ्यासारखा. "हात आठ वेळा फिरतो," ते म्हणाले. "वाजतो सहा वेळा. दोन फेऱ्या रिकाम्या. तीनाला हात खाली जातोच, फक्त तारंला शिवत नाय. म्हणून म्हटलं, खाली. जमिनीकडं खाली!" त्यांनी ओटीवर थाप मारली. "थांबला तर पुढच्याला परत धक्का मारावा लागतो. धक्का मारायला आवळावं लागतं."

आठ फेऱ्यांतल्या दोन रिकाम्या. पहिल्या ठोक्यानंतरची एक मी नकळत बरोबर करत होतो, कारण पुढच्या सोडीसाठी हात वर नेणं भागच होतं. दुसऱ्या रिकाम्या फेरीत, तिसऱ्या ठोक्याला, मी हात अडवत होतो. मी तिथेच मनात हिशेब केला, सवयच आहे. मिनिटाला पंधरा, चाळीस मिनिटांचे सहाशे. बेचाळीस दिवसांतून तीन वजा, एकोणचाळीस. तेवीस हजार चारशे वेळा मी माझ्या हाताला आवळून थांबायला शिकवलं होतं. तेही इतकं बिनचूक की कानाला पत्ता लागू नये.

आणखी एक गोष्ट घरी येताना तलावाच्या काठावर सुचली, ती मी पत्नीला पुष्कळ दिवस सांगितली नाही. आमचे भजनातले बुवा हाताने ताल धरत. टाळीला टाळी देत आणि खालीला हात बाजूला फेकत. फेकत, थांबवत नसत. बावीस वर्षं मी त्यांच्या समोर बसून ते पाहत होतो.

चार आठवडे उरले होते. त्या बुधवारी मिस्त्रींचा चाळीस दिवसांचा उपास सुरू झाला. उपासाच्या दिवसांत त्यांच्या आळीत गाणंबजावणं नसतं. मी म्हणालो, मग आपलं राहू द्या. त्यांची बायको आतून म्हणाली, "अहो, त्ये वाजवनं थोडंच हाय? त्ये औषध हाय. औषधाला उपास नाय." तरी मिस्त्रींनी तारांखालचं फडकं दुप्पट केलं आणि ओटीऐवजी आतल्या खोलीत बसवलं.

पहिला आठवडा कचकडा नाही, गिटारही नाही. नुसता हात फिरवायचा, मांडीशेजारी, आठ फेऱ्या. दुसऱ्या आठवड्यापासून गिटार परत आमच्या घरी आणि कचकडा हातात, आणि तो पुन्हा पडू लागला. एका दिवशी सात वेळा पडला तेव्हा पत्नी रेघ ओढता ओढता म्हणाली, "आज बरा पडतोय." चहाचा कप मार्चच्या मध्यावर परत हातात राहिला. गुंड्या त्यानंतर चार दिवसांनी. मग मिस्त्रींनी त्यांची कानामागची पेन्सिल माझ्या बोटांत दिली. "कचकडा समजा," म्हणाले. "ओळ लिवली की हात उचलून एक फेरी हवेत. रिकामी. मंग पुढली ओळ." घरी मी मुलाच्या पाटीवर तसं लिहू लागलो. आठ ओळी जमायच्या, कधी दहा. तीस एकदाही जमल्या नाहीत. दिवस संपले.

शनिवार, २७ मार्च, सकाळी अकरा. हेडक्लार्कच्या टेबलावर कोरं पान, दौत, टीपकागद, आणि नकलेसाठी तीस ओळींचं जुनं पान. त्यांनी खिशातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. माझ्या जागेवर बसणारा तरुण कारकून शेजारच्या टेबलावर मुद्दाम खाली बघून काम करत होता.

दहा ओळी ठीक गेल्या. प्रत्येक ओळीनंतर मी हात उचलत होतो आणि एकदा हवेतून खाली-वर नेत होतो.

"माशी हाकलताय?" हेडक्लार्क म्हणाले.

"नाही. लिहितोय."

अकराव्या ओळीला अंगठा आत वळू लागला. मी टाक सैल केला. तो पडला. पानावर नाही, टेबलावर. पडू दे, पैसा भरा नि उचला. मी उचलला. बाराव्या ओळीपासून प्रत्येक ओळीनंतर एकऐवजी दोन फेऱ्या घेतल्या. बाविसाव्या ओळीला एक थेंब सांडला, तो टिपला. चाळीस मिनिटं झाली तेव्हा मी तेविसाव्या ओळीवर होतो. हेडक्लार्कनी घड्याळ उचललं, माझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवलं. थांबा म्हणाले नाहीत. मी तीस ओळी पुऱ्या केल्या. अठ्ठावन्न मिनिटं.

त्यांनी आकडा आकडा ताडून पाहिला.

"तीन तीनच आहेत," ते म्हणाले. "आठ आठच. चूक एकही नाही." मग घड्याळ खिशात घातलं. "पण मोठी खातेवही अठरा मिनिटं थांबत नाही हो."

ते पान घेऊन साहेबांकडे गेले. अर्ध्या तासाने परत आले. मोठी खातेवही त्या तरुणाकडेच राहील. मला गोदामाची वही, दिवसाला दहा-बारा ओळींची. पगार एकशे पस्तीसवरून एकशे बारा. कबूल असेल तर सोमवारपासून. मी कबूल म्हणालो.

घरी पत्नी दारातच उभी होती. "राहिलं?"

"राहिलं. तेवीस रुपये कमी."

ती तिथेच उंबरठ्यावर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "राहिलं ना. मग हातपाय धुवा."

ते वाया गेलेले सहा आठवडे हाती असते तर अठरा मिनिटं भरून निघाली असती का, हा हिशेब मी त्यानंतर अनेकदा मांडला आहे. तो सुटत नाही, कारण त्यातली एक रक्कम कुणालाच माहीत नाही. हात पुरता सुटला नाही. आजही दहा ओळींनंतर एक फेरी हवेत घ्यावी लागते. गोदामातले हमाल आता त्याला हसत नाहीत.

रविवार, २८ मार्च, दुपारचे चार. जागा तीच ओटी. हजर चौघे: मी, पत्नी, मिस्त्री, त्यांची बायको. गिटार परत केली. तीन महिन्यांचे बारा रुपये मी पुढे केले. मिस्त्री म्हणाले, बारा रविवारांतले आपण बसलो सातच, पाच रविवार मी कल्याणला. मी म्हणालो, त्या पाचांतली चूक माझी. ते म्हणाले, शब्द माझा होता. त्यांनी सातच घेतले. मग दंड. पत्नीने वहीतल्या रेघा मोजल्या: पहिल्या दोन आठवड्यांत चौऱ्याहत्तर, नंतर ते अकरा, आणि शेवटच्या चार आठवड्यांत अठ्ठावन्न. एकूण एकशे त्रेचाळीस. तेव्हा रुपयाला चौसष्ट पैसे, म्हणजे दोन रुपये, तीन आणे, तीन पैसे. मिस्त्रींनी ते हातात घेतले नाहीत. "दंड लिवणाऱ्याचा," ते म्हणाले.

नोंद मी स्वतः केली, उजव्या हाताने, दोन ओळी. सात रुपये मिस्त्रींना पोचले. दोन रुपये, तीन आणे, तीन पैसे माझ्या पत्नीला पोचले. तिने ते मोजून घेतले.